सेकंड हँड वॅगनआर, बुटीबोरीची रोजची ये-जा आणि साडेबाराचं अ‍ॅव्हरेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची पेट्रोल वॅगनआर नुकतीच घेतली, मीटरवर ६८ हजार, तुम्ही तिसरे मालक. मनीषनगरहून बुटीबोरी एमआयडीसीत रोजची ये-जा, रविवारी कधी महाल-इतवारी. आधीचे मालक अठराचं अ‍ॅव्हरेज सांगत होते, तुम्हाला साडेबारा मिळतंय. एक गॅरेजवाला म्हणतो इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) क्लीनिंग करा, दुसरा म्हणतो टाकीत अ‍ॅडिटिव्ह टाका, मेहुणे म्हणतात सरळ सीएनजी बसवून घ्या. आणि सर्विसिंगची सुरुवात नेमकी कुठून करायची, हे कोणीच सांगत नाही.

भाऊ, सध्या तिघांचंही ऐकू नका. साडेबारा हा आकडा वाईट आहे की नाही, हे गाडी कुठे चालते त्यावर ठरतं. हीच गाडी कोणी रोज गांधीबाग-इतवारीच्या गर्दीत दोन-दोन किलोमीटर चालवत असेल तर साडेबारावर मी काही बोलणार नाही, पेट्रोल टाका आणि चालवा. पण तुमची बहुतेक धाव चिंचभवन, खापरी, जामठा अशी सरळ वर्धा रोडची. तिथे इंजिन एकदा तापलं की टॉप गिअरमध्ये निवांत चालतं. अशा रस्त्यावर एक लिटरचं इंजिन साडेबारा देत असेल तर गाडीत काहीतरी अडलेलं आहे. आधी ते शोधायचं, मग अ‍ॅव्हरेज वाढवायच्या गोष्टी.

पण अपेक्षाही नीट ठरवू या. कंपनीने या गाडीला २०.५१ चा आकडा दिला होता. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही आणि समोर जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच सुटलेली नसते. शिवाय तेव्हाचं पेट्रोल आज पंपावर मिळत नाही. आता २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० मिळतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तुमच्या गाडीसारख्या जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल आराखड्यातच दिलेला आहे. म्हणजे आधीचे मालक खोटं बोलले असं नाही. चार वर्षांपूर्वी एसी न लावता हायवेवर त्यांना अठरा मिळालेही असतील. तुम्ही एसी लावून सोळा-सतरा धरा. त्याच्या वर मिळालं तर बोनस.

आता तुम्ही हे साडेबारा मोजलं कसं? पाचशेचं टाकलं, काटा इथून तिथे आला, या हिशेबाला अर्थ नाही. नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाऊण रिकामी झाली की त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा, आणि चाललेल्या किलोमीटरला लिटरने भागा. कट झाल्यावर राउंड फिगर करायला वरून ठिबकवू देऊ नका. असं तीन टाक्या करा. पहिल्या टाकीचा आकडा जवळपास नेहमी फसवा निघतो. पंपाच्या मापाची शंका असेल तर पाच लिटरचं शिक्कामोर्तब केलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पहाटे थंड पेट्रोल जास्त भरतं हे मात्र विसरा. टाक्या जमिनीखाली असतात, दिवसभरात त्यांचं तापमान फारसं हलत नाही.

मोजण्यातच आणखी एक चोर बसलेला असतो, तो म्हणजे टायरचा साइज. ड्रायव्हरच्या दारालगत खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा साइज आणि टायरवरचा साइज जुळवून पाहा. समजा स्टिकरवर १५५/६५ आर १४ आहे आणि आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून १६५/७० आर १४ चढवलेत, तर चाकाचा घेर साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. गाडी १०० किलोमीटर जाते आणि मीटर ९५ दाखवतं. अ‍ॅव्हरेज कागदावरच पडतं, आणि पिकअप खरोखर पडतो. टायर पाहताय तर त्यावरच्या डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडेही वाचा. ३५१७ म्हणजे २०१७च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. मूळचेच टायर अजून असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, नागपूरच्या उन्हात इतकी वर्षं भाजलेलं रबर समृद्धीवर १२० च्या वेगाने न्यायचं नाही. मी तर ते वर्धा रोडवरही ठेवणार नाही.

आता मुख्य संशयित. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय ब्रेकवर आहे. जुन्या गाडीत, त्यातही ट्रकच्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीत, ब्रेक पूर्ण सुटत नाही ही तक्रार इतकी सर्रास आहे की मी स्कॅनर लावायच्या आधी चाकं बघतो. तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी कमी रहदारीत आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक न मारता गाडी आपोआप मंदावू द्या आणि थांबल्यावर हात उलटा करून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. पुढची दोन्ही चाकं सारखी कोमट असायला हवीत, मागची त्याहून थंड. एखादंच चाक तापलेलं जाणवलं की चोर सापडला.

मग गॅरेजमध्ये जॅक लावून चाक हाताने फिरवून घ्या. पुढच्या चाकाला एक्सलचा भार असतो, ते थोडं जड फिरणारच. एका फेरीत एकदा हलकी खस्स झाली तर चालतं. पण ढकललं आणि पाव फेरीत थांबलं, तर कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडायला सांगा आणि स्वतः बाजूला उभे राहा. कॅलिपरला दोन पिना असतात, त्यांच्यावर तो पुढे-मागे सरकतो. चांगली पिन बोटाने दाबली की आत जाते. खराब पिन प्लासने ओढूनही निघत नाही, आणि निघाली की तिच्यावर तपकिरी वाळलेला थर दिसतो, टोपीचं रबर फाटलेलं असतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. मागच्या ड्रममध्ये वेगळी गंमत असते. हँडब्रेक पकडत नाही म्हणून कोणीतरी केबल कसून ठेवलेली असते, शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे, कायम ड्रमला घासत राहतात. ड्रम उघडून साफ करून आधी शू अ‍ॅडजस्ट करायचे, केबल शेवटी. उलट क्रम सोपा पडतो म्हणून बहुतेक जण उलट करतात.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, आणि हा खास आपल्याकडचा रोग आहे. मे महिन्यात ४५ अंशांत गाडी गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘व्हॉल्व्हच काढून टाकला साहेब, आता गरम व्हायचं टेन्शन नाही.’ ग्राहकही खूश. थर्मोस्टॅटचं काम इंजिन थंड असताना कूलंटला रेडिएटरकडे न जाऊ देणं, म्हणजे इंजिन पटकन तापतं. तो काढला किंवा उघडाच अडकला, की हायवेच्या वाऱ्यात इंजिन कधी पुरतं तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली आहे, तो जादा पेट्रोल सोडत राहतो. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून ते पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा अशा गाडीचं अ‍ॅव्हरेज आणखी कोसळतं, आणि लोक म्हणतात थंडीमुळे पडलं.

याची तपासणीही सोपी. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) स्कॅनर लावून कूलंटचं तापमान पाहायचं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही यासाठी पुरतं, मोबाइलवर आकडे दिसतात. वर्धा रोडवर पंधरा मिनिटं चालल्यावर ते ८५-९० च्या आसपास स्थिर हवं. ६०-६५ वर रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट बदला, काढलेला असेल तर नवा बसवा. ही फार महाग वस्तू नाही. गाडी खरोखर गरम होत असेल तर त्याचं कारण वेगळं शोधायचं: रेडिएटरच्या जाळीत कचरा, फॅन उशिरा लागणं, ढिलं झाकण, किंवा कूलंटच्या जागी बोअरिंगचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती क्षार सोडतं ते तुमच्या घरच्या कूलरच्या जाळीवर पाहा, तेच रेडिएटरच्या नळ्यांत बसतं. आतला रंग गढूळ-तांबूस दिसला तर सगळं काढून, धुऊन, कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरायचं. गाडी तापलेली असताना झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नकोच.

स्कॅनर लावलाच आहे तर लाँग टर्म फ्युएल ट्रिमही पाहून घ्या, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. अधिक-उणे १०च्या आत असेल तर कॉम्प्युटर आणि इंजिनचं जमतंय. उणे पंधरा-वीस दिसलं तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय आणि कॉम्प्युटर ते कापायला बघतोय. अधिक बाजूला गेलं तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर बदलायचा तो हे पाहिल्यावर, अंदाजाने नाही.

ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडेही एक स्वस्त रिपोर्ट असतो, आणि तो लोक घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकतात: पीयूसीची पावती. बीएस-४ (२०१७च्या वेळचं प्रदूषणाचं मानक) पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. गाडी पूर्ण तापवून न्या, नळी सायलेन्सरमध्ये खरोखर आतपर्यंत घालायला लावा आणि आकडे वाचा. (नळी न घालता छापलेल्या पावतीचा आपल्याला काही उपयोग नाही.) सीओ मर्यादेला टेकलेला किंवा वर असेल तर इंजिन पेट्रोल जास्त खातंय. सीओ ठीक आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; प्लग आणि कॉइल बघा. दोन्ही अगदी कमी आणि तरी अ‍ॅव्हरेज साडेबारा, तर इंजिन बहुधा निर्दोष. पेट्रोल चाकांत जातंय, क्लचमध्ये जातंय किंवा तुमच्या पायाखाली.

आता सर्विसिंग. आधीचा मालक काहीही सांगो, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर आजच्या आज बदला आणि तुमचा हिशेब तिथून सुरू करा. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. ‘उन्हाळा आहे, घट्ट ऑइल टाकू’ म्हणून कोणी २०डब्ल्यू-५० ओतायला आला तर हात धरा. या इंजिनाच्या फटी पातळ ऑइल धरून बनवल्या आहेत, घट्ट ऑइल पंप करायला ताकद लागते आणि ती पेट्रोलमधूनच जाते. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइलही तितकंच वाईट. इंजिन फ्लश नको, इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात तर मुळीच नको. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा पहिलं ऑइल पाच हजार किलोमीटरलाच बदला, हळूहळू साफ होतं. गिअर ऑइल कोणी बदललेलं नसतं, तेही करून टाका. टायमिंग बेल्टची काळजी नको, या इंजिनाला चेन आहे.

बाकीचं भराभर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं, कधी बदललं ते माहीत नसेल तर आत्ताच. प्लग काढून पाहा, चहाच्या रंगाचे असतील तर मिश्रण बरोबर आहे, काळे सुके असतील तर वर सांगितलेलं जादा पेट्रोल. एअर फिल्टर बदला, पण त्याने अ‍ॅव्हरेज वाढेल या आशेने नको. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो, पडतो तो पिकअप. कार्ब्युरेटरच्या काळातला सल्ला अजून फिरतोय. बॅटरी आपल्या उन्हात लवकर जाते, तीन वर्षं झाली असतील तर मे महिन्याआधी लोड टेस्ट करून घ्या. क्लच बघायचा तर टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट संपली.

एक गोष्ट नागपूरची गाडी म्हणून वेगळी सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या अनेक धुऊन-पुसून बाजारात आल्या. तुमची त्यातली आहे असं मी म्हणत नाही, पण पाहून घ्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेषा राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या पट्ट्यांना गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती, कार्पेटखाली कुबट वास. अशी गाडी असेल तर व्हील बेअरिंग आणि वायरिंगचे जोड आधी तपासा. बेअरिंग जड झालं की अ‍ॅव्हरेज जातं आणि साठच्या पुढे घूं-घूं आवाज येतो.

टायरची हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवर दिली तेवढीच, पंधरा दिवसांनी. चारही टायरांत एक पीएसआय कमी झाला की साधारण ०.२ टक्के अ‍ॅव्हरेज जातं. म्हणजे पाच पीएसआय कमी असले तरी एक टक्का. फार वाटत नाही, पण टायर कडेने झिजतो आणि आपल्या सिमेंट रोडवर मे महिन्यात तापतो, तो खर्च मोठा. दुपारी चालवून आल्यावर हवा चार-पाच पीएसआय जास्त दिसते, ती काढायची नाही. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चालवण्याबद्दल चार शब्द. तुमच्या रस्त्यावर सगळ्यात मोठी बचत वेगात आहे. वॅगनआर उंच आणि चौकोनी गाडी, ऐंशीच्या पुढे ती हवा फाडण्यातच पेट्रोल घालवते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. बुटीबोरीला पोचायला फरक पडतो तीन-चार मिनिटांचा. छतावर कॅरिअर लावलेला असेल तर काढून ठेवा. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून उतरताना न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, आणि इंजिनमुळे मिळणारं ब्रेकिंगही जातं. सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. एसीचं म्हणाल तर मे महिन्यात बंद ठेवून घामाघूम ऑफिसला जाण्याइतकं पेट्रोल महाग नाही. उन्हात उभी गाडी असेल तर पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. रेडिएटरपुढची एसीची जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्या, प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

आता राहिले तिघांचे सल्ले. इंजेक्टर क्लीनिंग वाईट नाही, पण फ्युएल ट्रिम आणि पीयूसी ठीक असताना करून काही मिळत नाही. अ‍ॅडिटिव्हवर मी पैसे घालत नाही. सीएनजीचं गणित पेट्रोल आणि सीएनजीच्या दरातल्या फरकावर उभं असतं, आणि २०२२च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, हे मेहुण्यांना आठवत असेल. आजचा दर, किटचा खर्च, आरसीवर करावी लागणारी नोंद, गेलेली डिकी आणि तुमचे रोजचे पन्नासेक किलोमीटर मांडून मग ठरवा. पण आधी ब्रेक आणि थर्मोस्टॅट. चाक अडलेल्या गाडीत सीएनजीही जास्तच जळणार, आणि तुमची तुलना चुकीच्या साडेबाराशी होणार.

दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. आधी ब्रेक, मग एक टाकी मोजा, मग थर्मोस्टॅट, मग पुन्हा एक टाकी. म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. तोवर हायवेवर तापलेल्या गाडीचं कूलंट तापमान, पीयूसीवरचे दोन आकडे आणि कुठलं चाक गरम लागलं, एवढं लिहून ठेवा. दोन्ही कामांनंतरही आकडा चौदाच्या वर सरकला नाही, तर हे तीन आकडे मला पाठवा. मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का ते पाहणारी तपासणी) करायची की नाही ते बोलू.